आवाजाचा नमुना

सत्तय्या म्याकल माईकसमोर मिलचा भोंगा काढायचा.
तोंडावर दोन्ही तळवे, मान जरा तिरकी,
आणि बंद पडलेली मिल
गड्ड्याच्या मैदानावर सकाळच्या पाळीला चालू व्हायची.
मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या
नकळत पदराखाली डबा चाचपायच्या.
मी अॅम्प्लिफायरमागून बघायचो.
ट्रेबल कमी, बेस जास्त. भोंग्याला तेवढंच लागायचं.

बॅनरवर नाव ‘ए टू झेड म्याकल’.
अक्कलकोट गाडीचा कंडक्टर,
विड्या मोजणारी पोरगी, ओकटी रेंडू मूडू,
भिशीचा हप्ता मागणारी मावशी,
धोट्याची खटखट आणि त्यात मध्येच तुटलेला धागा.
तुटलेला धागा, बे! त्याला कुठं आवाज असतो?
पण साचेवाले हसायचे नाहीत,
बसल्या जागी हात पुढं करायचे, गाठ मारायला.

मग तो फोन.
एमआयडीसीतलं गोदाम, रात्री पावणेदोन,
शेठच्या आवाजात :
‘सिद्राम, दार उघड, माल आलाय.’
सिद्रामनं उघडलं.
सकाळी मोजणी झाली,
चाळीस गठ्ठे चादरी कमी
आणि एक माणूस.

शेठ त्या रात्री हैदराबादला, भाचीच्या लग्नात.
पोलिसांनी फार डोकं चालवलं नाही.
शेठचा आवाज शेठ सोडून
गावात आणखी कुणाकडं असणार?

नऊ वर्षं तारखा.
गणपती मंडळांनी बयाणा परत मागितला,
शाळावाले म्हणाले, पालकांना काय सांगू.
गल्लीतली पोरं आता त्याचीच नक्कल करायची,
‘सिद्राम, दार उघड,’ आणि पळायची.
कोर्टाच्या आवारात टायपिस्टपासून चहावाल्यापर्यंत
सगळ्यांची एकच फर्माईश :
एकदा तेवढा आवाज काढ की.
तो हात जोडायचा.

नमुना घ्यायला त्याला पुण्याला नेलं.
साहेब म्हणाले, स्वतःच्या आवाजात वाचा.
सत्तय्यानं कागद धरला, घसा खाकरला
(ते खाकरणंसुद्धा त्याच्या मामाचं),
तेच वाक्य चार वेळा वाचलं.
चारही वेळा वेगळा माणूस.
अहवाल आला, निश्चित सांगता येत नाही.
हे त्यानंच मला सांगितलं आणि हसला.
ते हसणं कुणाचं, मी विचारलं नाही.

मलाही समन्स आलं.
वकील म्हणाला, वीस वर्षं याचा आवाज तुमच्या हातातून गेला,
शेठची नक्कल कधी ऐकलीत?
समोर सिद्रामची बायको, महानंदा,
त्याची बॅटरी मांडीवर घेऊन बसलेली.
मी म्हणालो, नाही.

बार्शीहून परतताना एकदा, टेम्पोत,
स्पीकरच्या खोक्यांवर आडवं पडून
त्यानं शेठ काढला होता.
पगार मागणाऱ्याला शेठ ‘बघू’ कसं म्हणतो, तेवढंच.
एक शब्द.
ड्रायव्हरनं हसू आवरेना म्हणून गाडी बाजूला घेतली होती.
एका शब्दाला नक्कल म्हणायचं का,
हे मला कोर्टानं विचारलं नव्हतं.
ड्रायव्हर तोवर वारला होता.

संशयाचा फायदा देऊन सोडलं त्याला.
त्या फायद्यात तो आता अशोक चौकात
शेंगा चटणी तोलतो.
भाव पाटीवर लिहिलाय, म्हणजे बोलायला नको.

गेल्या गड्ड्याला माझाच सेट होता.
तो आला, वायरींपाशी उकिडवा बसला.
मी माईक पुढं केला. भोंगा तरी काढ, म्हणालो.
त्यानं तळवे उचलले, तोंडापाशी नेले,
आणि थंडीत चोळतात तसे चोळून
खाली ठेवले.

मला एक खोड लागलीय.
बायको बाजारातून येते, बाहेरून म्हणते,
‘अहो, दार उघडा.’
सत्तावीस वर्षांची ओळख आहे त्या आवाजाशी.
माझा हात कडीवर जातो,
तिथंच राहतो,
आणि मी विचारतो, कोण?